ताईला सांगितलेल्या कॉन्सर्ट

“अगदी पहिल्यापासून सांग,” ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

चष्मेवाला बूट काढून घोटभर पाणी प्यायला आणि सांगायला बसला. मैदान खचाखच भरलेलं. चौघे एकदमच मंचावर आले. गायकाच्या अंगात लाल कोट. दुसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली, पण पठ्ठ्या थांबला नाही. ताई मधूनमधून हसत होती. एकदा तिने विचारलं, मध्ये वीज नाही का गेली?

तो दचकला. नाही म्हणाला.

“इकडे गेली होती थोडा वेळ,” ती म्हणाली. “सांग पुढे.”

बारा वर्षांपूर्वी याच रॉक बँडच्या कॉन्सर्टला दोघं भावंडं बरोबर गेली होती. बाहेर पडताना रेटारेटी झाली. त्याने ताईचा हात धरला होता. मागून लोंढा आला आणि हात सुटला. पाऊण तास ती भिंतीशी चेपून उभी होती. हाडं शाबूत राहिली, धीर तेवढा गेला. तेव्हापासून तिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. जिन्यापाशी आली की घाम फुटायचा, श्वास अडकायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. पुढे आईवडील गेले आणि घरात दोघंच उरली.

बाहेरचं सगळं त्याच्या अंगावर आलं. चष्म्यांचं दुकान, बाजारहाट, ताईची औषधं. आधी तो दुकानातून दिवसाला चारदा फोन करायचा. मग ताईनेच सांगितलं की घंटी वाजली की छातीत धस्स होतं, फोन करू नकोस, सातला घरी ये म्हणजे झालं. सातला दहा मिनिटं उशीर झाला, तर ती दाराशी पांढरीफटक पडून उभी असायची. मित्र पांगले. दोन स्थळं आली, ती ‘ताईचं काय’ या प्रश्नापाशी अडली आणि परत गेली. दिवसभर लोकांना लांबचं दिसावं म्हणून भिंगं घासायची आणि संध्याकाळी चार भिंतींत येऊन बसायचं. त्या भिंती रोज बोटभर पुढे सरकतात, असं त्याला वाटायचं. पण हात त्याच्याच हातून सुटला होता. बोलणार कुणाला?

वर्षातली एक संध्याकाळ मात्र त्याची होती. बँड दर वर्षी यायचा आणि ताई त्याच्यासाठी तिकीट मागवायची, नेहमी वरच्या गॅलरीतलं. तिथे चेंगराचेंगरी होत नाही म्हणून. घरात एकाने तरी जगावं, असं ती म्हणायची.

पहिली तीन वर्षं तो खरोखर गेला. चौथ्या वर्षी वाचनालयातली ग्रंथपाल चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला दुकानात आली, आणि नंतर काडी नीट असतानाही येत राहिली. तेव्हापासून कॉन्सर्टची संध्याकाळ तिच्या घरी जाऊ लागली. चार तास. ती स्वयंपाक करायची, तो भांडी घासायचा. मग दोघं वर्तमानपत्रं पसरून बसायची. बँड आदल्या आठवड्यात दुसऱ्या शहरात काय वाजवून आला ते त्यांत छापलेलं असायचं. त्यावरून ताईला सांगायचा वृत्तांत तयार व्हायचा. तुटलेली तार ग्रंथपालने सुचवली होती.

ताईच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, तिलाच आपण थापा मारतो.

पुढच्या हिवाळ्यात ग्रंथपालची दुसऱ्या शहरात बदली झाली.

“येतोस?” तिने विचारलं.

“ताईचं काय?”

“आठ वर्षं हेच ऐकतेय मी,” ती शांतपणे म्हणाली. “एकदा तिला विचारून तरी बघ.”

त्याने विचारलं. ताईने सगळं ऐकून घेतलं, जा म्हणाली, माझी काळजी करू नकोस म्हणाली, आणि उठता उठता तिथेच कोसळली. तीन दिवस तिने त्याचा हात सोडला नाही. चौथ्या दिवशी तो ग्रंथपालला नाही म्हणून आला. चार महिन्यांनी तिची लग्नपत्रिका दुकानाच्या पत्त्यावर आली.

यंदाही तिकीट आलं. इच्छा नाही, असं तो म्हणाला, पण ताईने ऐकलं नाही. तेवढंच मन रमेल, जा. दुसरीकडे जायला जागाच नव्हती, म्हणून तो मैदानावर गेला.

ऊन अजून उतरलं नव्हतं. गॅलरी अर्धी रिकामी होती, म्हणून रखवालदारांनी वरच्यांना खाली सोडलं. लोकांबरोबर तोही ढकलला गेला, थेट मंचाच्या पुढ्यात. नऊ वर्षांनी ती गाणी कानावर पडत होती. आज पहिल्यांदाच ताईला खरं काहीतरी सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं आणि तो नीट बघू लागला. गायकाचा कोट बघितला, ड्रमवाल्याचे हात बघितले.

पुढे एक बाई पाठमोरी नाचत होती. मोकळे केस, दोन्ही हात वर, प्रत्येक शब्द पाठ. चारी बाजूंनी धक्के बसत होते आणि ती त्यांच्यावर झुलत होती. तिला ओलांडून पुढे जावं म्हणून तो सरकला, तर रखवालदाराने अडवलं.

“त्यांच्या पुढे नाही जाता येणार, साहेब. ती जागा त्यांचीच. सात वर्षं झाली, एक खेप चुकवलेली नाही बाईंनी.”

गाणं संपलं. घाम पुसायला बाईने मान वळवली, आणि चष्मेवाल्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

“ताई.”