खोली खाली करायचा दिवस

कराराचे अकरा महिने संपले की भाडेकरूने एक दिवस खोली पूर्ण खाली करायची आणि मगच नवा करार व्हायचा, हा नत्थुजींचा नेम. अकोल्यात घर बांधलं तेव्हा कुण्या वकिलाने कानात घातलं होतं, ते त्यांनी कधी मोडलं नाही. मागच्या खोलीत तानुबाई फुलवाली एकटीच राहायची. सात वेळा तिने आपली पेटी, शेगडी आणि फुलांच्या टोपल्या उचलल्या. जायला दुसरं ठिकाण नव्हतं, म्हणून सगळं नत्थुजींच्याच ओसरीवर यायचं. त्या दिवशी त्यांची बायको सुभद्रा तिला कशालाही हात लावू द्यायची नाही. वरण-रोडगे पोटभर वाढायची, डोक्याला तेल लावून द्यायची. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर सही झाली की सामान परत मागच्या खोलीत.

यंदा करार करून देणारा एजंट म्हणाला, "नत्थुजी, आता तीन वर्षांचा करार एकदम होते. खोली खाली करायचं कामच नाही."

नत्थुजींना स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीला उगाच दरवेळी वझं उचलायला लावलं! ते तडक मागच्या खोलीवर गेले. पेटी भरून दाराशी तयारच होती.

"तानुबाई, राहू दे ते. आता तीन वर्षं सामान हलवाचं काम नाही."

तानुबाई पेटीवर हात ठेवून उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग भाऊ, तीन वर्षं मी माहेरपणाले कुठी जाऊ?"

नत्थुजींनी तिथूनच एजंटला फोन लावला. "अकराच महिन्याचा कर बापू. खोली एक दिवस खाली झालीच पायजे."