नाटकी रडणं

नाटकासाठी तान्ह्या बाळाचं रडणं हवं होतं. माझ्या तीन महिन्यांच्या लेकीचं रेकॉर्ड करून पाठवलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "फारच नाटकी!"

म्हणून आज ती झोपल्या झोपल्या मी सिंथेसायझरवर तसंच रडणं बनवायला बसले. आवाज हळूहळू चढावा, टिपेला फुटावा आणि हुंदके देत उतरावा, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी बदलत एकेक नॉब केसभर फिरवला.

फोनवर ऐकून तो म्हणाला, "अहो बाई, हे बाळ आहे की शेपटीवर पाय पडलेलं मांजर? कुणाला पटणार हे? राहू दे, दुसऱ्याकडून करून घेतो."

"खुशाल घ्या. पण बाळ हेच आहे," मी ठणकावलं.



लेक अजून गाढ झोपली होती, आणि माझा टी-शर्ट पान्ह्यानं भिजला होता.