अनामतीतले वीस रुपये

निवडणुकीच्या अनामतीसाठी आठवडी बाजारात फिरवलेली थैली सुलभा खैरेने तहसील कचेरीतल्या यंत्रात रिती केली. नोट आता देणाऱ्याचे शब्द जपून ठेवायची. उमेदवाराला कुणी पैसे दिले आणि का दिले, ते चारचौघांत ऐकवायचंच, हा कायदा तिच्याच पक्षाने उपोषणं करून आणला होता.

भिंतीवर नावं झरझर उमटत होती. मधेच आलं, 'लतीफ मणेर, वीस रुपये.' पाठोपाठ थकलेला आवाज, "आपली लेक उभी राहिलीय."

लतीफचाचांच्या बांगड्यांच्या दुकानावर बहिष्कार टाका, असं दोन वर्षांपूर्वी चावडीसमोर सुलभाच गरजली होती. दुकान बसलं. तिच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता आणि आशीर्वादाची म्हणून एक बांगडी जास्त चढवली होती.

"असला पैसा आपल्याला चालत नाही, ताई," जिल्हाध्यक्ष दात आवळून म्हणाले. "नाकारा. वीस रुपये मी घालतो."

"नाकारते," सुलभा म्हणाली.

"कारण सांगा," निवडणूक अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या आवाजात. ते देणाऱ्याला ऐकवावं लागतं. कारणाचा रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद. कायदा तुमचाच आहे. तीनला अर्ज बंद होतील, पाच मिनिटं उरलीत."

सुलभाने तोंड उघडलं. चावडीसमोर तिला शंभर कारणं सुचली होती.

तीनचे टोल पडले, तेव्हा बाईंनी तिचा अर्ज बाजूला ठेवला. कारणाचा रकाना कोराच होता.