दुसऱ्या उंदराचा ठिपका

मामांनी उंदराच्या हृदयाचा स्कॅन पडद्यावर लावला. "बघ हा काळा ठिपका! आपण टोचलेल्या पेशी ठणठणीत आहेत. सोमवारपासून माणसांवर चाचणी सुरू." प्रयोगशाळा मामांची, भाचीला नोकरीही त्यांनीच लावलेली, पण पेशी स्कॅनमध्ये काळ्या दिसाव्यात म्हणून त्यांत भरलेल्या लोहकणांची सुरक्षा तपासणी तिची. तिने शेजारी दुसऱ्या उंदराचा स्कॅन लावला. तसाच ठिपका, त्याच जागी. "यातल्या जिवंत पेशी कुठल्या?" मामांनी बेधडक दुसऱ्यावर बोट ठेवलं. "त्या मी टोचण्याआधीच मारल्या होत्या. मेलेल्या पेशींचे लोहकण शेजारच्या पेशी गिळतात, ठिपका तसाच राहतो. रुग्णालाही असंच फसवायचं?" मामा पेन पुढे करत गुरगुरले, "बाहेर पैसेवाले पाहुणे बसलेत. तपासणीच्या अहवालावर सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." तिने पेन त्यांच्याच खिशाला अडकवलं आणि दार सताड उघडलं. "या, बसा. जिवंत पेशी ओळखा बघू. मामा चुकलेत!"