नमुना अपुरा

साहेब, त्या पोरीचं रक्त तुम्ही प्यायलात. सुई सिस्टरच्या हातात होती, एवढंच.

मागणीचा कागद आठ महिने तुमच्या टेबलावर पडून आहे. मागितलंय तरी काय? तान्ह्या बाळांचं रक्त तपासायच्या बारीक नळ्या, अर्ध्या मिलीत भागणाऱ्या. त्या येईपर्यंत मोठ्या माणसांच्या वापरा, हा तुमचाच तोंडी हुकूम. मोठी नळी दोन मिलीच्या रेघेपर्यंत भरली नाही की लॅब ती परत धाडते. वर शिक्का: नमुना अपुरा. मग पुन्हा टोचा.

"मी तरी काय करू, सिस्टर?" लॅबवाला फोनवर म्हणायचा. "मशीनला घोटभर लागतं. नुसते ओठ ओले करून ते बोलत नाही."

दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या, काचेच्या पेटीतल्या त्या पोरीला सिस्टर पैलवान म्हणायची. वजन साडेनऊशे ग्रॅम, पण टाच धरली की अशी लाथ झाडायची की सिस्टरला हसू यायचं. अंगात रक्त ते किती? चहाचा एक कप भरेल न भरेल. टोचून झालं की सिस्टर पेटीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर पेनने आकडा टाकायची. दोन. दोन. दीड, परत आलं. पुन्हा दोन. सतरा दिवसांत एकोणतीस मिली झाले. लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी तिने टाच धरली, तर लाथ आली नाही.

पोरगी पांढरीफटक पडली होती. श्वास मध्येच थांबायचा, मॉनिटर कोकलायचा, सिस्टर तळव्याला टिचकी मारायची, मग श्वास पुन्हा सुरू. रक्त चढवायला हवं होतं. चौदा मिली, आणि तेही आजच. रक्तपेढीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: रक्त कमी होण्याचं कारण. सिस्टरने तिथे लिहिलं, 'तपासणीसाठी आम्हीच काढलं, एकोणतीस मिली. बारीक नळ्या नाहीत.'

फॉर्म तुमच्याकडून अर्ध्या तासात परत आला. आठ महिने न हललेला हात किती चपळ चालला बघा! सही नव्हती. सिस्टरच्या अक्षरांवर लाल काट, आणि बाजूला: 'मातेची अशक्तता, असे लिहावे.'

बाळंतिणीचा रिपोर्ट फाइलमध्येच होता. हिमोग्लोबिन बारा. बाई ठणठणीत.

मॉनिटर पुन्हा कोकलला. सिस्टरने टिचकी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या टिचकीला पोरीने श्वास घेतला. सिस्टरने नवा फॉर्म ओढला आणि तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं. सही लगेच मिळाली.

फॉर्म घेऊन बाप रक्तपेढीकडे पळाला. रंगारी माणूस, कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत निळा. बर्फाचा डबा घेऊन परत आला तेव्हा मागून त्याची आईही आली.

"याने मला वाचून दाखवलं, सिस्टर," ती दारातूनच म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगत होते. हिच्याच अंगात रक्त नाही, तर पोरीच्या कुठून येणार? अर्धं ताट टाकून उठायची."

"आई, आता नको."

"नको काय? सहीशिक्क्याचा कागद आहे. मी काय मनचं सांगतेय?"

बाळंतीण स्टुलावर बसली होती. पेटीच्या भोकातून तिने हात आत घातला होता, तो बाहेर काढून घेतला. आपल्या हातानेही पोरीचं काही कमी होईल, असा.

सिस्टरने रक्त लावलं. चौदा मिली, तीन तास. पंपातली सिरिंज मुंगीच्या पावलाने सरकत होती. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग आला. सिरिंज रिकामी झाल्यावर सिस्टरने सहज टाच धरली, आणि लाथ बसली.

"आली गं, पैलवान आली!" सिस्टर म्हणाली. रंगारी हसला. सासूसुद्धा हसली. बाळंतीण तेवढी हसली नाही.

"मी खरंच जेवत नव्हते हो, सिस्टर," ती खालमानेने म्हणाली. "घास तोंडाजवळ नेला की उलटी यायची. माझ्यामुळेच झालं ना?"

सिस्टरने पेटीवरची पट्टी उचकटली आणि तिच्या हातात दिली.

"मोठ्याने वाच. आजींना ऐकू जाऊ दे."

"दोन... दोन... दीड..." ती थांबली. "हे काय आहे?"

"हिचं रक्त. मी काढलेलं. तुझ्यात काही खोट नाही गं. कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते मीच लिहिलंय."

"का लिहिलंत?" सासूचा आवाज चढला.

"सही मिळत नव्हती, आजी."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तुमचाच होता, साहेब. रक्त चढवून झालं असेल तर फरक किती पडला ते बघायला नमुना पाठवा. दोन मिली. नळी पूर्ण भरा, अपुरी पाठवू नका.

सिस्टरच्या एका हातात फोन आहे, दुसऱ्या हातात मोठी नळी. बाळंतिणीने हात पुन्हा पेटीत घातलाय. पोरीची टाच तिच्या मुठीत आहे, आणि मूठ ती सोडत नाही. सासू स्टुलाच्या मागे येऊन उभी राहिलीय, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून.

सिस्टरने नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. फोन मात्र खाली ठेवलेला नाही, साहेब. तिघी ऐकताहेत. बोला, अजून किती हवंय?