कडूकंदाचं पान

"माझ्या कडूकंदाचं वाच," सकुबाई म्हणाली.

म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानाशेजारी गोणपाट अंथरून मायलेकी बसल्या होत्या. पुढ्यात रुपाचं पुस्तक रचून ठेवलेलं. रानातल्या भाज्या नि कंद कसे ओळखायचे, कसे रांधायचे. सांगणारी सकुबाई, लिहिणारी रुपा, आणि छापून घेणारीही रुपाच. जत्रेच्या आत पुस्तक हातात पडायलाच हवं म्हणून तिने शहापूरच्या छापखानेवाल्याचा पिच्छा पुरवला होता.

सकाळपासून पुस्तक बरं खपत होतं. आत्ताच निळ्या टोपीचा एक साहेब प्रत घेऊन गेला. कडूकंदाचा फोटो बघून तो हरखलाच. "अरे, ह्याचे वेल तर आमच्या फार्महाऊसच्या कुंपणावर आहेत! कालच माळ्याने कंद खणून ठेवलेत. आज पाहुण्यांना हेच खिलवतो."

ते ऐकून सकुबाई फुलून गेली होती. म्हणून तिला ऐकायचं होतं.

रुपा वाचू लागली. कंद सोलावेत. पातळ काप करावेत. राख लावून उकडावेत. मीठ घालून खायला द्यावेत.

"आन् पानी?"

"कसलं पानी?"

"रातभर व्हाळाच्या वाहत्या पान्यात ठेवायचं, ते कुठं हाय? वाच गो परत."

रुपाने परत वाचलं. मग ओळीखाली बोट धरून मनातल्या मनात वाचलं. तिने लिहिलं होतं, नक्की लिहिलं होतं. पण फोटो मोठा झाला होता आणि मजकूर एका पानात बसवताना कुणीतरी मधलीच ओळ उडवली होती. छापण्याआधी सगळी पानं तिच्या फोनवर आली होती. 'एकदा नीट बघून घ्या.' ती तेव्हा खळ्यावर भात झोडत होती. तिने पानं उघडलीच नव्हती. नुसता अंगठा पाठवून दिला होता.

"पाड्यावरच्या धाकलूची पोर असाच कंद खाऊन गेली," सकुबाई पुटपुटली. "घसा सुजला तिचा. ओकून ओकून गेली."

"आये, एक पन पुस्तक आता इकू नको." रुपा उठली ती अनवाणीच.

बैलबाजार, आकाशपाळणे, हातोळीच्या मिठाईची दुकानं. निळ्या टोप्या पुष्कळ दिसल्या, तो साहेब दिसेना. धावत ती भोंग्याच्या मांडवात शिरली.

"माझ्या पुस्तकात चूक झालीय, तेवढं सांगा हो! कडूकंद कुनी खाऊ नका म्हनावं!"

माइकवाल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर दोन बाया हरवलेल्या पोरांसाठी रडत होत्या. "पुस्तकाची जाहिरात मागून करू, बाई. आधी पोरं."

"जाहिरात नाय हो, मानसं मरतील!"

"मागून म्हटलं ना!"

तिथून ती सरळ गाड्या लावायच्या शेतात गेली. एक पांढरी गाडी बांधावरून रस्त्याला लागत होती. पुढच्या काचेत निळी टोपी. रुपा गाडीला आडवीच गेली. करकचून ब्रेक लागला.

"साहेब, त्यो कंद खाऊ नका. पुस्तकात चुकीचं छापलंय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हनते. माझंच पुस्तक हाय."

साहेबाने तिचे धुळीने भरलेले पाय पाहिले. "तुम्ही विकायला बसला होतात. लिहिलंय कुणी?"

"मीच लिवलंय. रुपा मेंगाळ."

त्याने पुस्तक उलटंपालटं केलं. नाव होतं, तिचा फोटो कुठेच नव्हता. "अहो, एवढं पुस्तक छापतात ते काय न बघता छापतात?"

मागच्या सीटवरून साहेबाची बायको म्हणाली, "चला हो, पाहुणे येऊन बसतील."

साहेबाने गिअर टाकला. तेवढ्यात रुपाने खिडकीतून हात घातला, त्याच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, पान शोधलं आणि मुळापासून टर्रकन फाडलं.

"ए! विकत घेतलंय मी ते!"

"घरात पोरं हायत ना तुमच्या?" तिचा आवाज फाटला. "काप रातभर वाहत्या पान्यात ठेवल्याबिगर खाल्ले तर मानूस मरतो, साहेब. ती ओळच छापली नाय. मी बघितलं नाय. माझ्यामुळं झालं हे!"

साहेबाने गाडी बंद केली आणि फोन लावला. "हॅलो, ते कंद खणून ठेवलेत ना, त्यांना हात लावू नकोस. कुणालाच देऊ नकोस. खड्ड्यात पुरून टाक."

गाडी निघून गेली. रुपा बांधावर बसली.

मग तिला सकाळची गिऱ्हाइकं आठवू लागली. सुनेसाठी म्हणून पुस्तक नेणारी एक म्हातारी. कॉलेजातली दोन पोरं. आणखी कोण कोण, कुठकुठली. चेहरे आठवेनात. नाव कुणाचंच विचारलं नव्हतं. शेतातून गाड्या सुटत होत्या, काही मुरबाडकडे, काही कर्जतकडे, टपावर घोंगड्यांचे गठ्ठे बांधलेल्या.

रुपा उठली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि समोरून येणाऱ्या पहिल्या गाडीला तिने हात केला.