खुशाल धुवा

कुंपणापलीकडे रानडुक्कर माती उकरत होतं. वास गिळणारी शिकारी जॅकेटं बनवणारे खानविलकर कोरं जॅकेट घालू लागले. जाहिरातीतला दावा मालकानेच अंगावर घालून सिद्ध करायचा आणि फाटक तक्रारदाराने उघडायचं, असा आता कायदा होता.

"ते नको, हे घाला." भागीरथीने मेलेल्या नवऱ्याचं जॅकेट पुढे केलं. डुकराच्या सुळ्याने पोटावर पडलेलं भोक तिने शिवलं होतं. "पारधीला जाताना घालायच्या कपड्यांना आम्ही कधी साबण लावत नव्हतो. 'खुशाल धुवा, जनावराला वास येणार नाही,' असं तुम्हीच टीव्हीवर सांगितलंत, म्हणून मी धुतलं."

खानविलकर मागे सरकले. "अहो बाई, जाहिरातीत थोडं वाढवून सांगावंच लागतं!"

भागीरथीने जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि फाटकाच्या कडीला हात घातला.

"या वेळी साबण मीसुद्धा थोडा वाढवूनच घातलाय."